मेटा-अ‍ॅनालिसिसचा आकडा हाती आल्यावर: वापरण्याआधी काय तपासायचं

इच्छाशक्ती वापरली की ती दमते, असा मानसशास्त्रात एक गाजलेला सिद्धांत आहे. सकाळी समोरची मिठाई नाकारलीत, तर दुपारी अवघड गणितापुढे लवकर हात टेकाल, असा त्याचा मथितार्थ. २०१० साली मार्टिन हॅगर आणि सहकाऱ्यांनी या विषयावरचे ८३ अभ्यास, म्हणजे १९८ प्रयोग, एकत्र केले. असे अनेक अभ्यास एकत्र करून त्यांचा सरासरी परिणाम काढण्याला मेटा-अ‍ॅनालिसिस म्हणतात. सरासरी परिणाम निघाला ०.६२ (हे एकक काय, ते पायरी २ मध्ये). मानसशास्त्रात हा चांगला दणदणीत आकडा. पुढे २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी पद्धत आधी जाहीर करून तोच प्रयोग २१४१ जणांवर केला. त्यात मुख्य संशोधक पुन्हा हॅगरच होते. या वेळी आकडा आला ०.०४.

पहिल्या वेळी कुणी बेरीज चुकवली नव्हती. तरीही जमवलेल्या १९८ प्रयोगांनी मिळून दिशाभूल केली. ती कशी होते आणि आपल्या हाती आलेल्या मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये ती कशी पकडायची, यासाठी हा लेख. पीएच.डी.चे विद्यार्थी, सामाजिक संस्थांत प्रस्ताव लिहिणारे, शिक्षण किंवा विकासावर वार्तांकन करणारे, अशा सगळ्यांना तो उपयोगी पडावा. मूळ लेख, त्याचं परिशिष्ट (हे बहुतेक जण उघडतच नाहीत), एक स्प्रेडशीट आणि दोन निवांत संध्याकाळी, एवढी तयारी पुरे.

पायरी १: आकडा झाका, आधी प्रश्न लिहा

गोषवाऱ्यातला आकडा एकदा डोळ्यांत भरला की पुढचं सगळं वाचन त्याच्या बाजूने होतं. म्हणून आधी कागदावर एक वाक्य लिहा: कुणावर, काय केलं, कशाच्या तुलनेत, काय मोजलं, किती काळाने. मग परिशिष्टातली अभ्यासांची यादी घ्या आणि या पाच रकान्यांत निदान दहा अभ्यास भरा. ‘कशाच्या तुलनेत’ हा रकाना हमखास गंमत दाखवतो. एका अभ्यासात तुलनेच्या गटाला काहीच मिळालेलं नसतं, दुसऱ्यात त्यांना नेहमीची शिकवणी असते, तिसऱ्यात दुसराच एखादा उपक्रम चालू असतो. तिन्हीकडून आलेल्या फरकांची मग एकच सरासरी निघते.

हे भांडण या पद्धतीइतकंच जुनं आहे. ‘मेटा-अ‍ॅनालिसिस’ हा शब्द जीन ग्लास यांनी १९७६ साली रूढ केला. पुढच्याच वर्षी मेरी ली स्मिथ आणि त्यांनी मानसोपचारांवरचे ३७५ अभ्यास एकत्र करून ०.६८ हा आकडा काढला. वर्तनोपचार, मनोविश्लेषण, भीतीवरचे उपचार, नैराश्यावरचे उपचार, सगळं एका हंड्यात. हान्स आयसेंक यांनी १९७८ साली याला महामूर्खपणाच्या जातीतलं काम ठरवलं, आणि सफरचंदं-संत्री एकत्र मोजल्याची टीका तर कायमची चिकटली. ग्लास यांचं उत्तर मला आजही आवडतं: प्रश्नच फळांबद्दल असेल, तर सफरचंदं आणि संत्री एकत्र मोजण्यात काय चुकलं?

उत्तर बिनतोड आहे, पण त्यामुळे जबाबदारी तुमच्यावर येते. तुमचा प्रश्न ‘फळां’चा आहे का? ‘शाळाबाह्य आधाराने मुलांना काही फायदा होतो का’ हा फळांचा प्रश्न झाला. ‘आमच्या तालुक्यात चौथीच्या मुलांसाठी स्वयंसेवक नेमावेत का’ हा एका विशिष्ट सफरचंदाचा. पहिल्याचं उत्तर उचलून दुसऱ्याला चिकटवणं ही प्रस्तावांमध्ये मला सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे.

पायरी २: मापाचं एकक सोलून पाहा

वेगवेगळ्या परीक्षा, वेगवेगळ्या प्रश्नावल्या एकत्र आणायच्या तर सामाईक एकक लागतं. त्यासाठी दोन गटांतल्या फरकाला प्रमाण विचलनाने (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याच्या मापाने) भागतात. ऐकायला हे फार निष्पक्ष वाटतं. आता हे उदाहरण करून पाहा.

एका उपक्रमाने मुलांचे गुण सरासरी ४ ने वाढले. अभ्यास जिल्हाभरच्या सर्व प्रकारच्या शाळांत झाला आणि गुणांचं प्रमाण विचलन २० होतं. भागाकार, म्हणजे इफेक्ट साइझ, झाली ०.२. तोच उपक्रम, तीच परीक्षा, तेच ४ गुण. पण अभ्यास फक्त मागे पडलेल्या मुलांवर झाला, जिथे सगळे एकमेकांच्या जवळपास होते आणि विचलन १०. आता इफेक्ट साइझ ०.४. मुलांच्या पदरात तेवढंच पडलं, आकडा मात्र दुप्पट झाला. मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये हे दोन अभ्यास एकमेकांहून वेगळे परिणाम म्हणून बसतात, आणि मग त्या ‘फरका’ची कारणं शोधली जातात.

परीक्षा कुणी काढली तेही पाहा. अ‍ॅलन च्युंग आणि रॉबर्ट स्लाव्हिन यांनी २०१६ साली शिक्षणातले ६४५ अभ्यास तपासले. संशोधकांनी स्वतः तयार केलेल्या चाचण्यांत परिणाम स्वतंत्र चाचण्यांच्या तुलनेत साधारण दुप्पट दिसत होता. छोट्या नमुन्यांच्या अभ्यासांतही तेच. साहजिक आहे, जे शिकवलं तेच विचारलं. तेव्हा स्प्रेडशीटमध्ये ‘चाचणी कुणाची’ असा रकाना वाढवा आणि फक्त स्वतंत्र चाचण्यांचे अभ्यास वेगळे काढून सरासरी पुन्हा पाहा.

जाता जाता एक सूचना. ०.२ लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा ही जेकब कोहेन यांची पट्टी शिक्षणातल्या मोठ्या प्रयोगांना लावू नका. मॅथ्यू क्राफ्ट यांनी २०२० साली सुचवलेल्या पट्टीवर तिथे ०.२० च्या वरचा परिणाम मोठा समजला जातो.

पायरी ३: डोकी मोजा, ओळी नाही

‘१९८ परिणामांवर आधारित’ असं वाचलं की पुढचा प्रश्न: किती अभ्यासांमधून? किती संशोधक-गटांकडून? वर्गातल्या मुलांची संख्या कमी केल्याने फायदा होतो का, या वादात एरिक हनुशेक यांनी ५९ लेखांतून २७७ अंदाज गोळा केले होते आणि फायद्याचा ठोस पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला होता. अ‍ॅलन क्रूगर यांनी तीच सामग्री उलगडली. काही मोजक्या लेखांतून ढिगाने अंदाज घेतले गेले होते, तर अनेक लेखांना एकच जागा मिळाली होती. प्रत्येक अभ्यासाला सारखं वजन दिल्यावर पारडं लहान वर्गांच्या बाजूला झुकलं. दोघांच्या हाती आकडे तेच होते. फरक पडला तो मत कुणाला किती, या एका निर्णयाने.

याचाच दुसरा अवतार म्हणजे गट-निवड, एकेका व्यक्तीऐवजी अख्ख्या गटांसाठी चिठ्ठ्या टाकणं. उत्तर प्रदेशातला जंतनाशक आणि जीवनसत्त्व-अ चा ‘देवता’ हा प्रयोग सुमारे दहा लाख मुलांवर झाला, २०१३ साली प्रसिद्ध झाला. दहा लाख हा आकडा डोळे दिपवतो, पण गोळ्या कुणाला द्यायच्या याची चिठ्ठी टाकली गेली ती ७२ विकासखंडांमध्ये. सांख्यिकीच्या दृष्टीने माहितीचा वकूब दहा लाखांपेक्षा ७२ ला जास्त जवळचा. मेटा-अ‍ॅनालिसिस करणाऱ्यांनी ही दुरुस्ती केली आहे का, ते पद्धतीच्या भागात शोधा.

पायरी ४: जे आलेच नाहीत त्यांची हजेरी घ्या

इथे घाई करू नका.

अपेक्षेप्रमाणे निकाल न आलेले अभ्यास कपाटात जातात. रॉबर्ट रोझेन्थाल यांनी १९७९ साली याला नाव दिलं, ‘फाइल ड्रॉवर’ची अडचण. जे छापून येतं त्याचीच सरासरी काढली, तर ती फुगलेलीच निघणार. किती फुगते? लोकांना हळूच योग्य निवडीकडे ढकलणाऱ्या ‘नज’ उपायांबाबत स्टेफानो देलाविन्या आणि एलिझाबेथ लिनोस यांनी २०२२ साली सुरेख तुलना केली. नियतकालिकांत छापून आलेल्या प्रयोगांत सरासरी परिणाम ८.७ टक्के-बिंदूंचा होता. अमेरिकेतल्या दोन मोठ्या ‘नज युनिट’नी (सरकारी कामात असे उपाय आजमावणाऱ्या गटांनी) केलेले सगळेच्या सगळे १२६ प्रयोग, छापलेले-न छापलेले, एकूण २.३ कोटी लोकांवरचे, एकत्र घेतले तेव्हा तो १.४ वर आला. याच विषयावर त्याच वर्षी एका मेटा-अ‍ॅनालिसिसने ०.४३ ही सरासरी दिली. लगेच दुसऱ्या गटाने त्याच सामग्रीत प्रकाशनाच्या पक्षपाताची दुरुस्ती केली आणि ०.०४ काढून दाखवले.

तपासायचं असं:

फनेल प्लॉट शोधा. आडव्या अक्षावर परिणाम, उभ्या अक्षावर अभ्यासाची अचूकता. मोठे अभ्यास वर, छोटे खाली. सगळं काही छापून आलं असेल तर आकार उलट्या नरसाळ्यासारखा, दोन्ही बाजूंनी सारखा. खालचा एक कोपरा रिकामा असेल, म्हणजे छोटे आणि निष्फळ अभ्यास गायब असतील, तर शंका घ्या. आलेख दिलेला नसेल तर परिशिष्टातल्या आकड्यांवरून स्प्रेडशीटमध्ये स्वतः काढा, अर्धा तास लागतो. किमान वेतन आणि रोजगार यांवर ह्रिस्टोस दुकुलियागोस आणि टी. डी. स्टॅन्ली यांनी २००९ साली अमेरिकेतल्या ६४ अभ्यासांचे १४०० हून जास्त अंदाज असे मांडले, तेव्हा सर्वांत अचूक अंदाज शून्याच्या आसपास गर्दी करून बसलेले दिसले. रोजगार घटतो असं जोरात सांगणारे अंदाज बहुतेक खालच्या, ढिसाळ बाजूला होते.

पण नरसाळं वाकडं आहे म्हणजे चोरी झालीच, असंही नाही. छोटे प्रयोग अनेकदा जास्त मन लावून, निवडक शिक्षकांकडून, रोजच्या देखरेखीखाली होतात, आणि त्यांचा परिणाम खरोखरच जास्त असतो. दुरुस्तीच्या पद्धतीही अनेक आहेत आणि त्यांची उत्तरं आपापसांत जुळतातच असं नाही. ‘ट्रिम अँड फिल’ ही सर्वांत सोपी, म्हणून सर्वांत जास्त वापरली जाते. पक्षपात मोठा असेल तेव्हा ती पुरेशी कापणी करत नाही. फक्त तिच्या जोरावर ‘पक्षपाताचा परिणाम नगण्य’ असं कुणी लिहिलं असेल, तर ते वाक्य गंभीरपणे घेऊ नका.

याहून चांगला मार्ग म्हणजे त्याच विषयावर आधी नोंदणी करून झालेला एखादा मोठा, बहुकेंद्री प्रयोग आहे का ते शोधणं. अमांडा क्वार्वेन आणि सहकाऱ्यांनी २०२० साली अशा १५ जोड्या लावल्या: एकीकडे मेटा-अ‍ॅनालिसिस, दुसरीकडे त्याच विषयावरची बहु-प्रयोगशाळा पुनरावृत्ती. मेटा-अ‍ॅनालिसिसचे आकडे सरासरी जवळजवळ तिप्पट मोठे होते. मोठी पुनरावृत्ती उपलब्ध असेल, तर मी डोळे झाकून तिला जास्त मान देतो.

स्वतः मेटा-अ‍ॅनालिसिस करणार असाल, तर आंतरराष्ट्रीय डेटाबेसवर थांबू नका. शोधगंगेवर भारतीय विद्यापीठांचे प्रबंध आहेत, संस्थांच्या संकेतस्थळांवर मूल्यमापनाचे अहवाल पडलेले असतात, मराठी-हिंदीतलेही. ‘परिणाम आढळला नाही’ हे वाक्य तिथे जास्त प्रामाणिकपणे छापलेलं सापडतं.

पायरी ५: सरासरी बाजूला ठेवा, पसारा पाहा

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात एकाच पातेल्यातला असतो. मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये शितं वेगवेगळ्या घरांतल्या पातेल्यांतून आलेली. चाळीस घरांतली शितं चाखून ‘भात सरासरी बरा शिजलाय’ म्हणता येईल. तुमच्या पातेल्यात तो शिजेल का, हे त्यावरून कळत नाही.

यासाठी अहवालात ‘आय-स्क्वेअर’ नावाची टक्केवारी असते. ७५ च्या पुढे म्हणजे खूप विषमता, असं शिकवलं जातं. हा आकडा मात्र चकवतो. अभ्यासांतल्या एकूण चढउतारापैकी किती भाग खऱ्या फरकाचा आणि किती नमुन्याच्या योगायोगाचा, एवढंच तो सांगतो. सगळे अभ्यास प्रचंड मोठे असतील तर योगायोगाचा वाटा संपतो आणि बारीकशा फरकालाही आय-स्क्वेअर ९० दिसतो. छोट्या अभ्यासांत उलट: फरक मोठा असूनही तो लपतो. म्हणून ‘टाऊ’ शोधा, म्हणजे ठिकाणागणिक खरे परिणाम सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप. तो परिणामाच्याच एककात असतो.

मग एक सोपा हिशेब. समजा सरासरी ०.२०, विश्वासांतर (खरी सरासरी ज्या पट्ट्यात असावी तो अंदाज) ०.१२ ते ०.२८, टाऊ ०.२०. विश्वासांतर सगळं शून्याच्या वर, सगळे खूश. आता सरासरीच्या दोन्ही बाजूंना टाऊच्या दुप्पट अंतर मोजा: उणे ०.२ ते अधिक ०.६. पुढच्या एखाद्या ठिकाणी खरा परिणाम साधारण या पट्ट्यात कुठेही पडू शकतो, आणि सुमारे सहापैकी एका ठिकाणी तो शून्याखाली असेल. याला भाकित-अंतर म्हणतात. तुमच्या तालुक्यासाठी कामाचं अंतर हेच, आणि नेमकं हेच बहुतेक अहवालांत छापलेलं नसतं.

पसारा आकड्यात दिसला की तो कुठून येतो हे वाचून समजून घ्यायला हवं. याचं आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेची शिकवण्याची पद्धत: मुलांना इयत्तेऐवजी त्यांच्या प्रत्यक्ष पातळीनुसार गटात बसवून वाचन-गणित शिकवायचं. २००१ ते २००३ मध्ये मुंबई आणि वडोदऱ्यात बालसखींच्या (मागे पडलेल्या मुलांना शिकवणाऱ्या स्थानिक तरुणींच्या) उपक्रमावर झालेल्या प्रयोगात पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ एवढी वाढ दिसली. बिहार आणि उत्तराखंडात सरकारी शिक्षकांना प्रशिक्षण आणि साहित्य देऊन शाळेच्या रोजच्या वेळेत तेच करायला सांगितलं, तेव्हा फरक पडला नाही. बिहारमध्येच सरकारी शिक्षकांनी उन्हाळी शिबिरात शिकवलं, तर पडला. हरयाणात वेळापत्रकात त्यासाठी वेगळा तास ठेवला आणि देखरेख लावली, हिंदीत ०.१५ ची वाढ झाली. उत्तर प्रदेशातल्या शिबिरांत ती ०.६ ते ०.७ पर्यंत गेली.

या सगळ्यांची सरासरी काढायला एक मिनिट लागेल. ती कुठल्याच राज्याची नसेल. शिकण्यासारखं जे आहे, म्हणजे रोजचा पाठ्यक्रम संपवण्याच्या रेट्यात ही पद्धत गिळली जाते आणि वेगळा वेळ दिला की जगते, ते या ओळींच्या क्रमात आहे. संशोधकांनी ते एकामागून एक प्रयोग करून, प्रत्येक अपयशाचं कारण शोधून काढलं. सरासरीच्या यंत्रात हे सगळे प्रयोग एकमेकांना अनोळखी असल्यासारखे पडले असते.

केनियातही असंच झालं. कंत्राटी शिक्षकांचा उपक्रम एका स्वयंसेवी संस्थेने राबवला त्या शाळांत गुण वाढले. त्याच प्रयोगात, त्याच आखणीने, जिथे सरकारने राबवला तिथे काहीच नाही. तेव्हा स्प्रेडशीटमध्ये ‘राबवलं कुणी’ हा रकाना आता घाला. एव्हा व्हिव्हॉल्ट यांनी २० प्रकारच्या विकास-उपक्रमांवरचे शेकडो अभ्यास जमवले, तेव्हाही सरकारने राबवलेल्या उपक्रमांचे परिणाम कमी निघाले होते.

पसारा नेहमीच मोठा असतो असं मात्र नाही. सूक्ष्म कर्जावरचे सात देशांतले सात प्रयोग, त्यात हैदराबादचाही, रेचल मीगर यांनी २०१९ साली एकत्र केले. देशादेशांतला फरक वाटला होता त्यापेक्षा कमी निघाला आणि सरासरी परिणाम लहान. तिथे एकत्रीकरणाने खरंच काहीतरी मिळालं: एकेका देशाच्या गोंगाटाला ‘स्थानिक वैशिष्ट्य’ समजण्याची चूक टळली.

पायरी ६: कच्चा माल

हे थोडक्यात. शिकवणीला जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या मुलांच्या गुणांची तुलना करणारा अभ्यास घ्या. शिकवणी परवडणाऱ्या घरात पुस्तकं असतात, अभ्यासाला जागा असते, शिकलेले आईबाप असतात. फरक शिकवणीचा की घराचा, ते सांगता येत नाही. असे चाळीस अभ्यास एकत्र केले तरी ती अडचण तशीच राहते, फक्त विश्वासांतर अरुंद होतं. चूक अधिक ठामपणे सांगितली जाते, एवढाच फरक. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले अभ्यास आणि निव्वळ सहसंबंधाचे अभ्यास वेगळे मोजले आहेत का, ते बघा. आणि यादीतला एखादा लेख नंतर मागे घेतला गेला आहे का, हेही शोधा. पाच मिनिटांचं काम आहे.

‘शहरी भागात परिणाम जास्त’, ‘मुलींमध्ये जास्त’ अशा उपगटांच्या निष्कर्षांनाही इथेच चाळणी लावा. बारा अभ्यास आणि सहा स्पष्टीकरणं असतील, तर काहीतरी जुळणारच. ज्या अभ्यासांत मुली जास्त तिथे परिणाम जास्त, म्हणजे मुलींवर परिणाम जास्त, हे तर्कालाच धरून नाही.

पायरी ७: दुसरा गट शोधा

एका विषयावर एकच मेटा-अ‍ॅनालिसिस वाचून थांबू नका. शाळेतल्या सर्व मुलांना सरसकट जंतनाशक द्यावं का, यावर कॉक्रेन या आरोग्य-संशोधनाचे आढावे घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आढाव्याने फारसा फायदा नसल्याचं सांगितलं. २०१६ साली केविन क्रोक, मायकेल क्रेमर, एडवर्ड मिगेल आणि सहकाऱ्यांनी बऱ्याच अंशी त्याच प्रयोगांतून सरासरी ०.१३ किलो वजनवाढ दाखवली आणि खर्चाच्या मानाने ती भरपूर आहे, असं मांडलं. फरक कुठे पडला? कोणते प्रयोग घ्यायचे, मूळ लेखात न दिलेले आकडे कसे काढायचे, आणि लहान परिणाम पकडण्याची ताकद आहे का, या निर्णयांत. भारतात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो, म्हणजे हा वाद आपल्या अंगणवाडीपर्यंत पोचलेला आहे.

‘बुद्धी वाढवता येते’ असं मुलांना पटवणाऱ्या ग्रोथ माइंडसेट उपक्रमांवर तर २०२३ साली एकाच नियतकालिकात दोन मेटा-अ‍ॅनालिसिस आले. एकाच्या मते परिणाम नगण्य आणि अभ्यास सदोष, दुसऱ्याच्या मते योग्य मुलांपर्यंत नीट पोचवल्यास आशादायक. असे दोन लेख हाती आले की त्यांच्या अभ्यास-याद्या शेजारी ठेवा आणि एकात असलेले, दुसऱ्यात नसलेले अभ्यास रंगवा. वादाचं मूळ बहुतेक वेळा त्या रंगवलेल्या ओळींत सापडतं.

पायरी ८: टिपणात काय लिहायचं

‘संशोधनाने सिद्ध झालं आहे’ हे वाक्य खोडा. त्याजागी असं काही लिहा:

‘२५ प्रयोगांच्या एकत्रीकरणात सरासरी वाढ ०.२०. ठिकाणागणिक ती उणे ०.२ ते ०.६ पर्यंत बदलते. स्वतंत्र चाचणी वापरलेल्या ९ प्रयोगांत सरासरी ०.११. त्यांपैकी सरकारी यंत्रणेने राबवलेले ३. त्यांत फरक आढळला नाही. आपल्या जिल्ह्याशी परिस्थिती सर्वाधिक जुळणारे २ प्रयोग सोबत जोडले आहेत.’

आकडे अर्थातच नमुन्याचे. बैठकीत कुणीतरी विचारणारच, ‘एवढं कोण वाचतंय, एकच आकडा सांगा.’ मी अशा वेळी सरकारी यंत्रणेच्या त्या तीन प्रयोगांचा आकडा सांगतो, कारण उपक्रम तीच राबवणार असते. आणि अभ्यास एकमेकांशी जुळतच नसतील, माप निरनिराळं, तुलनेचे गट निरनिराळे, अभ्यास जेमतेम चार, तर सरासरी काढूच नका. चारही अभ्यास एकेका परिच्छेदात सांगा आणि कुठे काय वेगळं होतं ते लिहा.